फुलामुलांचे कवी रेव्हरंड ना. वा. टिळक : जीवन आणि कार्य



आमच्या शाळेत दरवर्षी टिळकांची एखादी तरी कविता होतेच. पाठ्यपुस्तकात असली तर पुस्तकातली, नसली तर मी फळ्यावर लिहून देते आणि मुलं वहीत उतरवून घेतात. चाल लावून म्हटली की लहान मुलांच्या तोंडात पटकन बसते. कवितेखाली कवीचं नाव असतं, रेव्हरंड ना. वा. टिळक. इतकी वर्षं मी ते नाव वाचायचे आणि पुढे जायचे. एकदा मात्र एका मुलाने मध्येच हात वर करून विचारलं की बाई, हे आपले लोकमान्य टिळकच ना? मी नाही म्हटलं. मग रेव्हरंड म्हणजे काय, हा दुसरा प्रश्न. मी म्हटलं, ख्रिस्ती धर्मगुरू. वर्गात एक ख्रिस्ती मुलगी आहे, तिला हसूच आलं. आमच्या चर्चमध्ये फादर असतात, टिळक नावाचे फादर कुठे असतात का, असं तिचं म्हणणं. आणि मागच्या बाकावरून सरळ मालवणीत विचारणा झाली, मगे टिळक पाद्री कशे झाले?

खरं सांगते, मला नीट उत्तर देता आलं नाही. डी.एड.ला असताना फुलामुलांचे कवी एवढं एक वाक्य पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं, गुणही मिळाले होते. त्या संध्याकाळी घरी गेल्यावर लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' काढली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. आजचा लेख म्हणजे त्या मागच्या बाकावरच्या प्रश्नाचं उत्तर समजा. शिक्षक असाल तर वर्गात उपयोगी पडेल, विद्यार्थी असाल तर निबंधाला.

आधी दोन टिळकांचा घोळ सोडवूया. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म १८५६ चा, रत्नागिरीचा. आपले नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा. म्हणजे आडनाव एक, जिल्हा एक, दोघेही चित्पावन ब्राह्मण, आणि वयात अवघं पाच वर्षांचं अंतर. आपला सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच होता, हे मुलांना मुद्दाम सांगा. त्या अर्थाने दोन्ही टिळक आपल्याच जिल्ह्यातले. रेव्हरंड टिळक १९१९ साली गेले, लोकमान्य १९२० साली. एकाच काळातली ही दोन माणसं, दोघांनाही देशाची तळमळ, पण वाटा किती वेगळ्या!

नारायणाचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते. स्वभावाने तापट आणि कडक. आई जानकीबाई मात्र प्रेमळ, धार्मिक, कवितेची आवड असलेली. मुलाला जी काव्याची गोडी लागली ती आईकडून. पण नारायण अकरा-बारा वर्षांचा असतानाच आई गेली. आई गेली आणि मुलाच्या दृष्टीने घरही संपलं. त्याने घर सोडलं आणि नाशिक गाठलं. आपल्या पाचवी-सहावीतल्या मुलाएवढं वय बघा हे. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्याने संस्कृत काव्याचा अभ्यास केला. इंग्रजी शाळेतही थोडा काळ गेला, पण पोटापाण्याची चिंता मागे असल्यामुळे ते शिक्षण पूर्ण झालं नाही. बाकी सगळं वाचन स्वतःचं स्वतः. पुढे आयुष्यभर ते इकडे शिक्षक, तिकडे लेखक, कुठे कीर्तन-पुराण सांगणारे, असे फिरत राहिले. एका गावात फार काळ पाय टिकायचा नाही. खिशात चार पैसे आले तर समोर दिसलेल्या गरजूला देऊन मोकळे. चूल पेटणार कशी याचा विचार बायकोने करायचा.

ही बायको म्हणजे लक्ष्मीबाई. माहेरचं नाव मनकर्णिका गोखले, जन्म १८६८, नाशिकजवळच्या जलालपूरच्या. लग्न झालं तेव्हा त्या जेमतेम अकरा वर्षांच्या होत्या. त्यांच्या माहेरी सोवळ्याचं इतकं प्रस्थ होतं की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही. वडिलांना शिवाशिवीचं अक्षरशः वेड लागलं होतं. अशा घरातली मुलगी, आणि तिचा नवरा पुढे ख्रिस्ती होणार होता. वाचनाचे पहिले धडे तिला या नवऱ्यानेच दिले हेही खरं.

लग्नानंतरची दहा-बारा वर्षं टिळकांच्या डोक्यात धर्माचा विचार घोळत होता. नागपूरला अप्पासाहेब बुटी नावाच्या श्रीमंत गृहस्थांच्या आश्रयाला असताना त्यांनी वैदिक ग्रंथांचं काम केलं. धर्मविचाराला वाहिलेलं 'ऋषि' नावाचं मासिकही काढलं. म्हणजे हा माणूस धर्म न वाचता धर्म सोडणारा नव्हता, उलट वाचून वाचून अस्वस्थ झालेला होता. देव एक आणि सगळी माणसं त्याची लेकरं, मग ही जात कशाला, हा त्यांचा मूळ प्रश्न. जातीमुळेच देश मागे पडला असं त्यांचं ठाम मत झालं. कोणत्याच धर्मात समाधान सापडत नाही म्हणून स्वतःच एक नवा धर्म काढावा इथपर्यंत त्यांचे विचार गेले होते.

आणि मग तो आगगाडीतला प्रसंग. साल साधारण १८९३. टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एक गोरा पाद्री भेटला. टिळकांना वाटलं, आता हा आपल्या देवांना नावं ठेवणार. पण तो बोलायला लागला संस्कृत कवींबद्दल. दोघांच्या गप्पा रंगल्या. उतरताना त्याने टिळकांना बायबलचा नवा करार भेट दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं सांगून तो गेला. टिळकांना तेव्हा हे हास्यास्पदच वाटलं. पण दिलेला शब्द पाळायचा म्हणून त्यांनी पुस्तक वाचायला घेतलं, हातात पेन्सिल घेऊन, आवडेल तिथे खूण करत. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी ते थांबले. तिथून पुढे सोडवेना. जे स्वतः शोधत होतो ते इथे आहे, असं त्यांना वाटलं.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तोही परदेशी मिशनऱ्याकडून नाही, आग्रहाने एका भारतीय पाळकाच्या हातून. हा तपशील लहान दिसतो, पण लक्षात ठेवा. पुढचं सगळं आयुष्य याच आग्रहाचं आहे.

आता आमच्या वर्गातल्या त्या मुलीच्या प्रश्नाकडे येते. फादर आणि रेव्हरंड यांत फरक काय? ख्रिस्ती धर्मात मोठे दोन पंथ आपल्याकडे दिसतात. रोमच्या पोपना मानणारे ते कॅथलिक. मालवण, वेंगुर्ला, सावंतवाडी भागातले आपले बहुतेक ख्रिस्ती शेजारी कॅथलिक, कारण गोव्याचं सान्निध्य. दुसरा पंथ प्रॉटेस्टंट. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर या धर्मोपदेशकाने चर्चमधल्या गैरप्रकारांविरुद्ध ९५ मुद्दे मांडले आणि त्यातून हा पंथ पुढे वाढत गेला. ल्यूथरने बायबल लॅटिनमधून सोडवून लोकांच्या जर्मन भाषेत आणलं. चर्चमध्ये सर्वसामान्य लोकांनी आपल्या भाषेत गाणी म्हणावीत म्हणून स्वतः गीतं लिहिली. ज्ञानेश्वर-एकनाथांनी संस्कृतातलं मराठीत आणलं त्याच्याशी मुलांना हे जोडून दाखवता येतं, त्यांना लगेच कळतं. रेव्हरंड ही पदवी कागदोपत्री दोन्ही पंथांत लिहितात, पण आपल्याकडे बोलताना कॅथलिक धर्मगुरूंना फादर म्हणायचं आणि प्रॉटेस्टंट पाळकांना रेव्हरंड, अशी सवय पडली आहे.

महाराष्ट्रात प्रॉटेस्टंट मिशनरी आले ते १८१३ पासून, अमेरिकेहून मुंबईला. १८३१ पासून त्यांचं मोठं केंद्र अहमदनगर झालं. आपल्या किनाऱ्यावरही त्यांची एक खूण आहे, वेंगुर्ल्याचं सेंट ल्यूक्स हॉस्पिटल. तिथे डॉ. गोहीन नावाचे अमेरिकन डॉक्टर होते. टिळक वारले त्याच १९१९ साली वेंगुर्ल्यात त्यांना मुलगा झाला. तो रॉबर्ट गोहीन पुढे अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि नंतर भारतातला अमेरिकेचा राजदूत झाला. विषयाला सोडून आहे, पण वेंगुर्ल्याच्या मुलांना हे सांगितलं की त्यांचे डोळे मोठे होतात.

असो. टिळकांचं चरित्र सांगताना बहुतेक लेख इथून थेट त्यांच्या कवितांवर जातात. मला तसं करवत नाही, कारण १८९५ नंतरची पाच वर्षं लक्ष्मीबाईंची आहेत.

नवऱ्याने धर्म बदलला तो बायकोला विश्वासात न घेता. पदरात लहान दत्तू. त्या काळात नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे बायकोची अवस्था काय? नवरा जिवंत, पण त्याच्या हातचं पाणी चालत नाही. सौभाग्य आहे म्हणायचं की नाही, हेही कळत नाही. नातेवाइकांचा वेढा, लोकांच्या नजरा, वर्तमानपत्रांतून चर्चा. लक्ष्मीबाई नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यांतला काही काळ पंढरपूरला गेला. दुःखातून त्यांच्या तोंडून कविता येऊ लागली ती याच दिवसांत. टिळक पत्रं लिहीत होते, येऊन भेटत होते. दुसरं लग्न करण्याचा विचारही त्यांनी केला नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

तरी माझं मत सांगते. सत्य शोधायला निघालेला माणूस मोठा खरा, पण त्या शोधाची किंमत घरातल्या सत्तावीस वर्षांच्या बाईने मोजली. टिळकांना वर्गात थोर म्हणून शिकवताना हे झाकून ठेवू नये. मुलं समजून घेतात. आपल्यालाच उगाच वाटतं की थोर माणसाची चूक सांगितली की त्याचा फोटो भिंतीवरून खाली पडेल.

पुढे लक्ष्मीबाई नवऱ्याजवळ राहायला आल्या, तेही आपल्या अटींवर. चूल वेगळी, सोवळं-ओवळं वेगळं. नवरा ख्रिस्ती, बायको कर्मठ हिंदू, आणि संसार एका छपराखाली. टिळकांनी त्यांच्यावर जबरदस्ती केली नाही. पुष्कळ दिवस असे गेल्यावर एके दिवशी लक्ष्मीबाईंच्या मनात स्वतःहून विचार आला की माणूस देवाने केला, जाती काही देवाने केलेल्या दिसत नाहीत. झालं. त्या दिवसापासून कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी ठरवलं. म्हणजे सोवळं आधी गेलं, धर्म नंतर बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. नवऱ्यामागून फरफटत नाही, स्वतःच्या पायांनी. मला वाटतं टिळकांच्या चरित्रातलं सगळ्यात मोठं धर्मांतर हेच आहे.

टिळक नगरला मिशनच्या कामात होते. डॉ. ह्यूम हे तिथले मोठे मिशनरी, त्यांच्याशी टिळकांचा जवळचा संबंध. भावी पाळकांना टिळक शिकवायचे. १९०४ च्या सुमारास त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली आणि ते रेव्हरंड टिळक झाले. पण चर्चमध्ये जाऊन बसल्यावर त्यांना काय दिसलं असेल याची कल्पना करा. मराठी माणसं बसलेली, खेड्यापाड्यातली, बरीचशी दलित समाजातून आलेली, आणि गात आहेत ती इंग्रजी चालीवरची भाषांतरित गीतं. शब्द मराठी, पण ओढूनताणून बसवलेले. आमच्याकडच्या डबलबारीच्या बुवांना पियानोवर गजर करायला सांगितला तर कसं होईल, तसं काहीसं.

याआधी कुणी प्रयत्न केलाच नव्हता असं नाही. नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची सुरुवात केली होती, मराठी चालींवर गीतंही लिहिली होती. पण टिळक कवी होते. तुकारामांचे अभंग त्यांच्या अंगात भिनलेले होते. आपण तुकारामाच्या पुलावरून चालत ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत असत. धर्म बदलल्यावर बहुतेक माणसं मागचा पूल मोडून टाकतात. टिळकांनी तो मोडला नाही, उलट त्याच पुलावरून इतरांनी यावं-जावं म्हणून तो दुरुस्त करत राहिले. त्यांनी अभंग लिहिले, पदं लिहिली, आरत्या लिहिल्या. 'अभंगांजली' हा त्यांचा अभंगसंग्रह. टाळ-मृदंग घेऊन कीर्तनं केली, निरूपण येशूच्या चरित्राचं. मराठी चर्चमध्ये आज जे 'उपासना संगीत' वापरलं जातं त्यातला फार मोठा भाग टिळकांच्या गीतांचा आहे. आज एखाद्या मराठी प्रॉटेस्टंट चर्चच्या बाहेरून रविवारी सकाळी गेलात तर आत भजन चालू आहे असं वाटेल. ते टिळकांचं देणं.

मला हे वाचताना आपल्या किनाऱ्यावरची एक जुनी गोष्ट आठवली. गोव्यात थॉमस स्टीफन्स नावाच्या इंग्रज जेझुइट धर्मगुरूने मराठीत ओवीबद्ध 'ख्रिस्तपुराण' लिहिलं. ते १६१६ साली रायतूरला छापलं गेलं, आणि गंमत म्हणजे रोमन लिपीत. म्हणजे परदेशातून आलेला माणूस मराठी ओवी शिकला होता, आणि तीनशे वर्षांनी मराठी माणसाला चर्चमध्ये मराठी ओवी परत आणण्यासाठी झगडावं लागलं! टिळकांनीही ओवीत येशूचं चरित्र लिहायला घेतलं, नाव 'ख्रिस्तायन'. ते पुरं झालं नाही, त्याबद्दल पुढे सांगते.

मिशनशी त्यांचे खटके उडत. पगार, हुद्दे, गोऱ्या मिशनऱ्याने वर बसायचं आणि देशी पाळकाने खाली, हे त्यांना सहन होत नसे. ख्रिस्ती होणं म्हणजे कोट-पाटलोण घालणं, इंग्रजी नावं घेणं, आपल्या देशबांधवांपासून तुटणं, असं जे चित्र झालं होतं त्याची त्यांना चीड होती. तिकडे हिंदू समाज म्हणायचा की हा आपल्यातून गेला. इकडे काही ख्रिस्ती लोकांना वाटायचं की हा अजून हिंदूच आहे. अशा दोन्हीकडून ठोकरा खात ते देशभक्तीच्या कविता लिहीत राहिले. ख्रिस्तावर प्रेम आणि भारतावर प्रेम यांत त्यांना विरोध दिसतच नव्हता. 'ज्ञानोदय' हे मिशनचं जुनं पत्र, १८४२ साली नगरला सुरू झालेलं. त्याच्या मराठी विभागाचं संपादन टिळकांकडे १९१२ पासून होतं, आणि तिथून त्यांनी हे विचार मांडले.

आता थोडं कवितेबद्दल, कारण तुम्ही परीक्षेत तेच लिहिणार! फुलं, पाखरं, लहान मुलं हे त्यांचे आवडते विषय. शिकाऱ्याने मारलेल्या पक्षिणीची करुण कविता कोणाला आठवत नाही? आमच्या वर्गात ती म्हटली की दरवर्षी एक तरी मूल रडतं. पण स्वतःच्या कवितेएवढंच मोठं काम त्यांनी दुसऱ्यांच्या कवितेसाठी केलं. नागपूरच्या दिवसांत त्यांचा सहवास तरुण केशवसुतांना मिळाला होता. केशवसुत म्हणजे मालगुंडचे, आपल्या कोकणचेच. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरलं, त्यामागे टिळकांचा पुढाकार होता. तिथे सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या पोराने कविता म्हटल्या, आणि संमेलनाचे अध्यक्ष डॉ. कीर्तिकर यांनी त्याला बालकवी ही पदवी दिली. टिळकांनी या पोराला नगरला आपल्या घरी आणलं. लक्ष्मीबाईंनी त्याला मुलासारखं सांभाळलं. 'स्मृतिचित्रे'तली बालकवींची पानं वाचा, रुसवे-फुगवे, हट्ट, सगळं आहे. ब्राह्मण मुलगा ख्रिस्ती घरात राहतो, जेवतो, आणि कोणी त्याला धर्म बदल म्हणत नाही. टिळकांचा धर्म कसा होता हे मला त्यांच्या अभंगांपेक्षा या घरावरून जास्त कळलं. बालकवी १९१८ साली आगगाडीखाली सापडून गेले, वय अवघं सत्तावीस. पुढच्याच वर्षी टिळक गेले.

त्याआधी त्यांनी शेवटची एक उडी मारली. १९१७ साली मिशनची नोकरी आणि पगार त्यांनी सोडला. संन्याशासारखं राहायचं ठरवलं, साताऱ्याला मुक्काम केला आणि 'देवाचा दरबार' नावाचा बंधुसंघ काढला. कल्पना अशी की येशूला गुरू मानणाऱ्या कोणीही यात यावं, त्याने बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो. जात नाही, मिशन नाही, परदेशी पैसा नाही. आता विचार करा, आयुष्यभर पाळक असलेला माणूस म्हणतो की बाप्तिस्म्याची अट नको. चर्चमधल्या पुष्कळांना हे रुचलं नाही. हिंदूंना तर ही धर्मांतराची नवी युक्ती वाटली. ल्यूथरच्या त्या ९५ मुद्द्यांना याच वर्षी बरोबर चारशे वर्षं होत होती, हा योगायोगच. पण हा दरबार उभा राहायला हवा तेवढा वेळच मिळाला नाही. प्रकृती ढासळली आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचं निधन झालं. वय सत्तावन्न.

दरबार टिळकांमागे फार टिकला नाही. मग प्रभाव कुठे राहिला? एक तर गाण्यांत, ते वर सांगितलंच. दुसरं, विन्स्लो नावाच्या इंग्रज धर्मगुरूने टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. या विन्स्लोंनीच १९२२ मध्ये 'ख्रिस्त सेवा संघ' काढला. तिथे भारतीय आणि युरोपीय लोक आश्रमासारखे एकत्र, साधेपणाने राहत. पुढे आदिवासींमध्ये आयुष्य घालवणारे व्हेरिअर एल्विन भारतात पहिल्यांदा आले ते याच संघात. म्हणजे साताऱ्याला जे बी पडलं होतं ते दुसऱ्या वाफ्यात उगवलं म्हणायला हरकत नाही.

आणि तिसरं म्हणजे लक्ष्मीबाई. टिळक गेले तेव्हा 'ख्रिस्तायन'चे साडेदहा अध्याय झाले होते. ज्या बाईला नवऱ्याने बाराखडी गिरवायला शिकवली होती, तिने हे काव्य हातात घेतलं आणि पुढचे ६४ अध्याय लिहिले. साडेदहा आणि चौसष्ट! मी हे आकडे फळ्यावर लिहिले आणि मुलांना बेरीज करायला लावली, गणिताचा तास नसतानाही. पुढे मुलगा देवदत्त याच्या आग्रहावरून त्यांनी आठवणी लिहायला घेतल्या. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झाली. २४ फेब्रुवारी १९३६ ला लक्ष्मीबाई गेल्या आणि पुस्तक मध्येच थांबलं. त्यात नवऱ्याची थट्टा आहे, राग आहे, आणि प्रेम तर पानोपानी आहे. टिळक आज आपल्याला माणूस म्हणून दिसतात ते या पुस्तकामुळे.

हे सगळं मी वर्गात दोन तासांत सांगितलं. तुम्ही सांगाल तेव्हा तीन ठेवा, दोन पुरत नाहीत. लोकमान्यांचा घोळ सुटला, त्या मुलीला रेव्हरंड आणि फादर कळले. घरी जाऊन तिने आजीला विचारलं आणि त्यांच्या चर्चमध्ये मराठी-कोकणीत कुठली गाणी म्हणतात त्याची यादीच दुसऱ्या दिवशी घेऊन आली. मागच्या बाकावरच्या मुलाने मात्र सगळं ऐकून घेतलं आणि पुन्हा हात वर केला. मगे लक्ष्मीबाईंची कविता खंय आसा? ती आमच्या पुस्तकात नव्हती. त्यांचा 'भरली घागर' हा कवितासंग्रह आहे. त्यातली एक येत्या सोमवारी फळ्यावर लिहून देणार आहे.